दूध बंद करायचं नाही, वाटी वाढवायची

(सोलापुरात मोहल्ल्यातल्या आया आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, किंचित संपादित करून.)

मागे दाराजवळ उभ्या असलेल्या भाईंना आधी विनंती, आत येऊन बसा. 'बाळाचं खाणंपिणं हा बायकांचा विषय, आपण बाहेर थांबू' असं वाटत असेल तर ते चूक आहे. का चूक आहे, ते शेवटी सांगते.

मी २४ वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम केलं. या चोवीस वर्षांत एकच प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई येते आणि म्हणते, "आपा, बच्चा दूधच पीता, खाना खाताच नै." किंवा उलटं, "आता खायला लागलाय, तर दूध बंद करू का?" आणि तिसरी विचारते, "आधी दूध की आधी जेवण?" आजचं बोलणं या तीन प्रश्नांपुरतंच आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे. ती लपवून तुम्हाला उपदेश केला तर तो खोटा होईल.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला मुलगा झाला. सहा महिने तिनं अंगावर पाजलं. मग रजा संपली. बाळ आठ महिन्यांचं असताना तिनं त्याला काही महिने माझ्याकडे सोलापूरला ठेवलं. मी निर्धास्त. म्हटलं, मी शेकडो मुलांची वजनं केली, मला काय कुणी शिकवायचं? घराजवळच्या गोठ्यातून म्हशीचं ताजं दूध यायचं. बाटली भरायची, तोंडाला लावायची, तो गटागटा प्यायचा. रात्री उठला की परत बाटली. खिचडीचे दोन चमचे दिले की तोंड फिरवायचा. मी म्हणायची, "जाऊ दे, दूध प्यायला ना? दुधात सगळं असतं." शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, "नानीनं काय बाळसं आणलंय! किती गोरा झालाय!" मला बरं वाटायचं.

अकराव्या महिन्यात त्याला ताप आला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला विचारलं, "हा दिवसाला दूध किती पितो?" मी अभिमानानं सांगितलं, "लिटरभर तरी." त्यांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. त्या गोऱ्या रंगाला आम्ही सौंदर्य समजत होतो, तो रक्त कमी झाल्याचा फिकेपणा होता. बाळसं म्हणत होतो, ती दुधाची सूज होती म्हणा ना. पोर रांगायला आळस करत होतं, कुशीत पडून राहायचं. 'किती शांत आहे' म्हणून आम्ही त्याचंही कौतुक करत होतो.

अंगणवाडीत दुसऱ्यांना शिकवणारी मी, आणि माझ्याच घरात हे. त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीला फोन करून सांगताना माझी जीभ अडखळली. ती रागावली नाही, हे जास्त लागलं.

आता, झालं काय होतं? डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं, तेच मी तुम्हाला सांगते.

बाळ पोटातून येताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. पुढं लोह अन्नातून यावं लागतं. दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जवळजवळ नाहीच. गाई-म्हशीच्या एका लिटरमध्ये अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे लिटरभर दूध पिऊनही लोहाच्या नावानं शिमगा. वर तेच दूध इतर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून अशा जास्त दुधामुळं थोडं थोडं रक्तही जातं, डोळ्याला दिसत नाही इतकं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पोट भरतं. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण पाव लिटरइतकंच घेतं. त्यात बाटलीभर दूध गेलं की खिचडीला जागा कुठली? मग आपण म्हणतो, पोर खात नाही. पोर खात नाही कारण ते उपाशीच नाही. पोट भरलेलं आहे, पण अंगात रक्त नाही.

हे माझ्या एकट्या नातवाचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आपल्या महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के. म्हणजे दहातली सात मुलं. त्याच सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात फक्त ११.३ टक्के निघाली. नऊ मुलांत एक. या खोलीत आज मांडीवर जी पोरं आहेत, ती मोजा आणि हिशोब करा.

मग दूध वाईट का? नाही, अजिबात नाही. आणि अंगावरचं दूध तर मुळीच नाही. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढंही पाजावं, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुद्दा वाट्याचा आहे. दूध चालूच राहतं, त्याचा वाटा बदलतो.

हा वाटा आकड्यांत सांगते, कारण आकडा डोक्यात राहतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. आई नीट पाजत असेल तर त्यातल्या ४०० दुधातून येतात, अन्नातून २०० आल्या की भागलं. नऊ ते अकरा महिन्यांत गरज ७०० च्या जवळ जाते, त्यातल्या ३०० अन्नातून यायला हव्यात. आणि वर्ष पूर्ण झालं की गरज ९०० च्या घरात, त्यातल्या साडेपाचशे अन्नातून. म्हणजे सहाव्या महिन्यात दोन हिस्से दूध आणि एक हिस्सा अन्न. वर्षानंतर पारडं अन्नाकडं झुकलेलं. हे एका रात्रीत होत नाही, सहा महिन्यांत हळूहळू होतं. आपण काय करतो? सहाव्या महिन्यात खीर चटाई करतो, मराठी घरांत उष्टावण करतात, फोटो काढतो, चांदीचा चमचा आणतो. आणि दुसऱ्या दिवसापासून परत दूधच. चटवलेली खीर चटवण्यापुरतीच राहते.

आता वाटीचं माप. घरोघरी वाटी वेगळी असते, मी २५० मिलीची वाटी धरते. पाण्याच्या साध्या पेल्याएवढी.

सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चार वेळा, आणि मधे एखाददुसरा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा, आणि एक-दोन खाऊ. बाळ अंगावर पीतच नसेल तर एक-दोन जेवणं जास्त आणि दिवसाला एक ते दोन पेले दूध.

आधी दूध की आधी जेवण? मी असं सांगते. सहा ते आठ महिन्यांत आधी अंगावर पाजा, मग खायला द्या, कारण तेव्हा दूध मुख्य आहे आणि खाणं शिकणं चालू आहे. फार भुकेलं बाळ नवीन चव शिकत नाही, रडतं. नऊ महिन्यांनंतर उलटं करा. आधी वाटी, मग दूध. आणि वरचं दूध देत असाल तर जेवणाआधी दीड तास देऊ नका. एवढा एक बदल केला तरी निम्म्या घरांतली 'खातच नाही' ही तक्रार कमी होते, हे मी पाहिलंय.

नऊ-दहा महिन्यांच्या बाळाचा एक दिवस सांगते. सकाळी उठल्यावर अंगावर. साडेआठ-नऊला वाटी, मग थोडं अंगावर आणि झोप. साडेबाराला घरातलं जेवण वाटीत कुस्करून. दुपारी अंगावर. चारला खाऊ, म्हणजे केळं, चिकू, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. सातला तिसरी वाटी. झोपताना अंगावर. रात्री एखाद्या वेळी उठला तर पाजा, काही बिघडत नाही. घड्याळाला चिकटू नका, अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होणारच. पण क्रम सांभाळा.

आणि वाटीत काय? इथं मला आपल्या घरांबद्दल थोडं कडू बोलायचं आहे.

आपल्या घरात आठवड्यातून एकदा-दोनदा तरी गोश्त होतं. ज्यात सहज अंगी लागणारं लोह आहे, ती वस्तू आपल्या हंडीत असते. आणि बाळाला काय मिळतं? शोरबा. वरचं पाणी. कलेजी अब्बूंच्या ताटात, बोटी मोठ्या मुलांच्या ताटात, आणि पोराच्या वाटीत तिखट धुऊन काढलेलं पाणी. आपण समाधानानं सांगतो, 'गोश्तचा शोरबा देते'. शोरब्यात चव आहे, लोह बोटीत आहे. डाळीच्या पाण्याचंही तेच. डाळ खाली, पाणी बाळाला. वरणाचं पाणी, भाताची पेज, तांदळाचं मांड, यानं पोट भरतं, अंग भरत नाही.

साधी खूण सांगते. चमच्यात घेतलेलं अन्न चमचा तिरका केला तर लगेच ओघळून जायला नको. चमच्यावर थांबलं पाहिजे. एवढं घट्ट.

तर हंडीत तिखट-मीठ घालायच्या आधी थोडा खिमा किंवा एक-दोन बोट्या बाजूला काढा, मऊ शिजवा, बारीक वाटा आणि भातात मिसळा. सहा महिन्यांनंतर चालतं. दात यायची वाट पाहू नका, बाळ हिरड्यांनी चावतं. कलेजी आठवड्यातून एकदा, चमचा-दोन चमचे. अंडं पूर्ण उकडून, पिवळं आणि पांढरं दोन्ही. मासे मिळत असतील तर काटा दोनदा बोटांनी तपासून. रोज गोश्त परवडत नाही, मान्य आहे. मग अंडं. अंडंही जमलं नाही त्या दिवशी मूग किंवा मसूर डाळीची घट्ट खिचडी, त्यात मेथी-पालक-शेपू बारीक चिरून, आणि वरून लिंबू पिळून. लिंबानं भाजीतलं, डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं.

आपली ज्वारीची भाकरी आहे ना, तिचा मधला मऊ भाग गरम वरणात भिजत घाला, कुस्करा. भाजलेल्या शेंगांचं कूट एकदम बारीक करून चमचाभर मिसळा. अख्खा शेंगदाणा मात्र कधीच नाही, तो श्वासनळीत अडकतो. वरून चमचाभर तेल किंवा तूप. पोट लहान आहे, म्हणून थोड्या जागेत जास्त ताकद बसवायची. एका छोट्या चमचाभर तेलातून ४५ कॅलरी मिळतात, ती जागा किती घेते?

काय द्यायचं नाही, तेही सांगते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही. शहद वर्षाच्या आत नाही. जन्मल्याबरोबर शहद चटवायची आपल्याकडे हौस असते, पण त्यातल्या जंतूंच्या बीजांनी लहान बाळाला लुळेपणाचा गंभीर आजार होऊ शकतो. खजूर मऊ करून, बी आणि साल काढून दिला तर चालेल. चहा नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट तर अजिबात नाही. पाच रुपयांचा पुडा मी प्रत्येक घरात पाहिलाय. त्यात मैदा आणि साखर, आणि चहा उरलंसुरलं लोहही अडवतो. त्या पाच रुपयांत केळं येतं.

आणि बाटली. बाटली नीट धुतली जात नाही, उकळली जात नाही, मग हगवण. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपवलं की पुढचे दात काळे पडतात. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे. दूध पावडर आणि दूध पाजायची बाटली यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. का बंदी घातली असेल, याचा विचार करा. वरचं दूध द्यायचंच असेल तर वाटी-चमच्यानं किंवा छोट्या पेल्यानं द्या. पेल्यानं पाजलं की किती प्यायला ते कळतं. बाटलीत ते कळत नाही. मला कळलं नव्हतं.

वर्षाच्या आत म्हशीचं-गाईचं दूध द्यावं का, यावर आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात की मुख्य दूध म्हणून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की अंगावर न पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर डब्याचं किंवा जनावराचं दूध, दोन्हीपैकी काहीही देता येतं. मी दोन्हीचा अर्थ असा घेते की डब्याचं दूध परवडत नाही म्हणून आईनं स्वतःला दोष देत बसू नये. पण दूध उकळून, मापात द्यावं आणि रोज लोहाचं काहीतरी वाटीत असावं. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा.

आता एक नाजूक गोष्ट. मला अनेक दादी-नानी सांगतात, "आपा, दो साल दूध पिलाने का हुक्म है, मग खायला द्यायची घाई कशाला?" मी आलिमा नाही. पण सूरह बकरामधली २३३वी आयत मी तर्जुम्यासह परत परत वाचली आहे. त्यात दोन वर्षांची गोष्ट आहे, आणि ती ज्याला मुदत पूर्ण करायची आहे त्याच्यासाठी आहे. दूध पाजा असं तिथं आहे, खायला देऊ नका असं कुठंही नाही. आणि त्याच आयतीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या आम्हाला कुणी ऐकवत नाही. एक, पाजणाऱ्या आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर आहे. दुसरी, दूध सोडवायचं तर दोघांच्या मर्जीनं आणि मशवऱ्यानं. भाई लोक, म्हणून तुम्हाला आत बसवलं. मशवरा दोघांचा असतो. ज्याला बाळ दिवसभरात काय खातं हेच माहीत नाही, तो मशवरा काय देणार?

वाटी भरवायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दिवसातून तीन-चार वेळा. म्हणजे रोजचे दोन तास. आपल्या वस्तीतली बाई सकाळपासून विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी मिळते, वेळ गेला की पैसे गेले. सूप मांडीवर, पोर शेजारी. रडलं की अंगावर लावणं किंवा बाटली देणं दोन मिनिटांचं काम. हात थांबत नाही. वाटी भरवायची तर उठायचं, तंबाखूचे हात साबणानं घासून धुवायचे, बसून भरवायचं. हे हात धुणं तर मी हात जोडून सांगते, पाण्याचे हात नाही, साबणाचे. मग तिला जर कुणी म्हटलं, 'तू आळशी आहेस, पोराला भरवत नाहीस', तर मी त्याच्याशी भांडेन. तिच्याकडं आळस नाही, तिच्याकडं वेळ नाही. ते दोन तास घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचे आहेत. संध्याकाळची एक वाटी अब्बूची. दुपारची दादीची. एवढं ठरवलं तरी निम्मं काम होतं.

भरवताना जबरदस्ती नको. नाक दाबून, मोबाईल दाखवून नको. बाळाच्या समोर बसा, बोला, त्याला हातानं उचलू द्या, सांडू द्या. नवीन चव आठ-दहा वेळा दिल्यावर आवडायला लागते. आज पालक थुंकला म्हणजे कायमचा नको असं नाही. तोंड फिरवलं की थांबा, अर्ध्या तासानं पुन्हा द्या, पण मधे दुधानं पोट भरू नका. आजारी असेल तेव्हा मात्र अंगावर जास्त वेळा पाजा, थोडं थोडं खायला द्या, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. तापात गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं.

एक गोष्ट हक्काची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क दिला आहे. ती भीक नाही. घरी मिळणारं ते पाकीट बाळाच्या नावाचं आहे. ते घरातल्या मोठ्यांच्या नाश्त्यात जातं, हे मी पाहिलं आहे. बाळाचं पाकीट बाळालाच. सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली, आशाताईंकडून मोफत मिळतं. ते मागा. दुधाबरोबर देऊ नका, दोन्हीत अंतर ठेवा. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईनं घरी येऊन बाळ पाहायचं असतं. आली नाही तर बोलवा, विचारा. 'आमच्या गल्लीत कुणी येत नाही' असं म्हणत गप्प बसलो तर गल्लीचं नुकसान होतं. दहा आयांनी मिळून अर्ज केला तर तो कुणाला सहज बाजूला सारता येत नाही. आणि दर महिन्याला वजन करा, कार्डावर ठिपका मांडून घ्या. फक्त वजनावर जाऊ नका, हेही सांगते. माझ्या नातवाचं वजन चांगलं होतं. तळवे, जीभ, डोळ्याची पापणी फिकी दिसली तर रक्त तपासून घ्या.

त्याचं पुढं काय झालं, ते तुम्ही विचारालच. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले. बाटली मी त्याच दिवशी घरातून काढली. पहिले तीन दिवस त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. शेजारणी म्हणाल्या, "पोराला उपाशी मारते नानी." मलाही दोनदा वाटलं, देऊन टाकावी. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं माझ्या हातातला खिमा-भात पाच चमचे खाल्ला. मी मोजले होते. महिन्यानं हिमोग्लोबिन ८.९ झालं, तीन महिन्यांनी ११.१. त्यानंतर तो उभा राहिला, चालायला लागला, आणि आता इतका पळतो की पुण्याहून मुलगी फोन करून म्हणते, "अम्मी, तो शांत होता तेच बरं होतं!" ती हसून म्हणते. मी मात्र त्या शांतपणाला अजून घाबरते.

घरी गेल्यावर एवढंच करा. बाळाची एक वेगळी वाटी ठेवा, तिला खूण करा. रात्री झोपताना घरातल्या कुणीही एकानं विचारा, 'आज ही वाटी कितीदा भरली आणि कितीदा रिकामी झाली?' दूध किती प्यायला हे आपण रोज सांगतो. हे दुसरं उत्तर रोज कुणीतरी द्यायला हवं. आणि हे विचारणं फक्त अम्मीच्या वाट्याला ठेवू नका.

आता प्रश्न विचारा, आणि ज्यांच्या मांडीवर पोरं आहेत त्यांनी आधी विचारा.